जुनी गाणी, नवी वाद्ये

प्रश्न : ‘सिलिकॉन टीन्स’ या ब्रिटिश बँडचा ‘म्युझिक फॉर पार्टीज’ हा १९८० चा एकमेव अल्बम नुकताच ऐकला. त्यातली बहुतेक गाणी आधीच गाजलेली, इतरांची आहेत आणि ती सिंथेसायझरवर, म्हणजे विजेच्या साहाय्याने ध्वनी निर्माण करणाऱ्या वाद्यावर, वाजवली आहेत. हा बँड प्रत्यक्षात नव्हताच, असेही वाचले. मग सिंथ-पॉपच्या, म्हणजे सिंथेसायझरवर उभ्या असलेल्या पॉप संगीताच्या, इतिहासात या अल्बमला मानाचे स्थान का द्यावे?

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. डॅरिल, जॅकी, पॉल आणि डायन अशी चार तरुणांची नावे पुढे केली गेली, परंतु अल्बममागे होते ते म्यूट रेकॉर्ड्स या ब्रिटिश ध्वनिमुद्रण कंपनीचे संस्थापक डॅनियल मिलर. निर्माता म्हणून दिलेले ‘लॅरी लीस्ट’ हे नावही त्यांचेच. तरीही या बनावाला मी फसवणूक म्हणणार नाही. ज्यांचे पहिले वाद्य गिटार नसून सिंथेसायझर आहे, अशी किशोरवयीन मुले एकत्र आली तर काय वाजवतील, ही मिलर यांची मूळ कल्पना होती. आणि नवशिकी मुले नेहमी जे करतात तेच ही काल्पनिक मुलेही करतात, म्हणजे सर्वांना पाठ असलेली गाणी वाजवून पाहतात.

गाण्यांची निवड म्हणूनच महत्त्वाची ठरते. चाल आधीच ठाऊक असल्याने ऐकणाऱ्याचे सारे लक्ष ध्वनीकडे जाते. द किंक्स या ब्रिटिश रॉक बँडच्या १९६४ च्या ‘यू रिअली गॉट मी’चा सगळा जोर करकरत्या गिटारवर आहे, आणि ती गिटारच काढून घेतल्यावर गाणे उभे राहते का, याची इथे खरी परीक्षा होते. त्या काळातील अनेक परवडणाऱ्या सिंथेसायझरवर एका वेळी एकच स्वर वाजत असे, त्यामुळे स्वरमेळ हवा असेल तर थरावर थर ध्वनिमुद्रित करावे लागत. अशा मर्यादेत रॉक अँड रोलच्या मोजक्या स्वरांच्या, ठाशीव चाली चपखल बसतात.

माझ्या मते सर्वांत सरस उतरले आहे ते अमेरिकी रॉक अँड रोल गायक-गिटारवादक चक बेरी यांचे ‘मेम्फिस, टेनेसी’. मूळ गाणे १९५९ चे. त्यात एक माणूस टेलिफोन ऑपरेटरला मारीशी बोलणे जोडून देण्याची विनंती करत राहतो, आणि मारी ही त्याची सहा वर्षांची मुलगी आहे, हे अगदी शेवटी उलगडते. बापलेकींमध्ये उरलेला एकमेव दुवा यंत्राचा असल्यामुळे यंत्रांची ती कोरडी साथ आणि मिलर यांचा भाव न दाखवणारा आवाज या गाण्याला परके वाटत नाहीत. उलट त्यातली व्याकुळता अधिक उघडी पडते. बाकीची काही गाणी केवळ नाचाची आहेत आणि सलग ऐकताना ती एकसुरी वाटतात, हे मान्य करावे लागेल.

मिलर यांची कल्पना मात्र लवकरच प्रत्यक्षात आली. इंग्लंडमधील बॅसिल्डन गावच्या ‘डिपेश मोड’ या तरुण बँडचा ‘स्पीक अँड स्पेल’ हा पहिला अल्बम १९८१ मध्ये म्यूटनेच काढला आणि त्याच्या निर्मितीत मिलर यांचा वाटा होता. दोन्ही अल्बम लागोपाठ ऐकावेत, म्हणजे काल्पनिक मुलांकडून खऱ्या मुलांकडे काय आले, ते आपले आपल्यालाच जाणवेल.