किती माणसे म्हणजे जास्त?

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा पोहोचले. कानबाईच्या सणासाठी सुरतेहून आणि पुण्याहून गावी आलेली मंडळी पुढच्याच रविवारी धबधब्यावर कशी लोटली, डांबरी रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग कशी लागली आणि शेवटी फाटकाचा आडवा बांबू वर करून तू बाजूला कशी उभी राहिलीस, हे तू ज्या संकोचाने लिहिले आहेस त्यावरून तुला त्या बांबूचीच लाज वाटत असावी. पाड्याच्या वन समितीचे अध्यक्ष म्हणतात की प्रत्येक गाडी म्हणजे पाड्याचे पैसे, तुझे साहेब म्हणतात की पर्यटनाचा प्रस्ताव पंधरवड्यात हवा, आणि या दोघांच्या मध्ये उभी राहून तू शेवटच्या ओळीत विचारतेस, "काका, किती माणसे म्हणजे जास्त?"

रान का राखायचे हे मी तुला सांगायला नको, आणि धीर देण्यातही शाई घालवत नाही. वनखात्यातल्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी एकच गोष्ट नीट शिकलो आणि तीही उशिरा शिकलो: आधी आकडा, मग फाटक. गर्दी दारात आल्यावर आकडा ठरवता येत नाही, कारण तेव्हा समोर माणसे असतात. कोणाच्या कडेवर मूल असते, कोणी साहेबांचा मेहुणा असतो, कोणी चाळीस किलोमीटर दुचाकीवर भिजत आलेला असतो, आणि त्यांतल्या एकालाही परत पाठवण्याजोगे कारण तुझ्याजवळ नसते. आठवडाभर आधी फाटकावर रंगवलेला आकडा ते कारण तुला देतो.

आता हिशोब सांगतो. व्याघ्र प्रकल्पांसाठी 2012 मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे निघाली त्यांतही हीच रीत आहे: आधी जागेत मावतील तितकी माणसे मोजायची, मग त्या जागेच्या अडचणी वजा करायच्या आणि शेवटी आपल्याला सांभाळता येतील तितकीच ठेवायची. समज, तुझी पायवाट दोन किलोमीटरची आहे आणि दोन गटांत अडीचशे मीटरचे अंतर हवे. म्हणजे एका वेळी आठ गट, आणि एका गटात दहा जण धरले तर ऐंशी माणसे. जाऊन येण्यास दोन तास लागतात आणि फाटक सहा तास उघडे असते, म्हणून दिवसाला तीन फेऱ्या, एकूण 240 माणसे. इथवरचे गणित कोणालाही येते आणि बहुतेक प्रस्ताव इथेच संपतात. पण उन्हाळ्यात दुपारची फेरी त्याच डोहावरून जाते जिथे त्या वेळी जनावर पाण्यावर यायला हवे. ती फेरी काढली की 160 उरतात. मग वाटाडे मोज. प्रत्येक गटामागे एक वाटाड्या हवा आणि तुझ्याकडे पाड्यावरचे चारच तरुण तयार आहेत, तर तुझा आकडा ऐंशी. कागदावरचे 240 आणि खरे ऐंशी, यांच्यामधली 160 माणसे कोणी बघणारे नसताना रानात फिरतात. तुझ्या पत्रातला ओला रविवार हा त्या 160 जणांचाच रविवार आहे.

हे आकडे मी समजुतीपुरते घेतले आहेत, ते उचलून प्रस्तावात घालू नकोस. तुझी वाट तू स्वतः चालून मोज. श्रावणातला आकडा वेगळा निघेल, मे महिन्यातला वेगळा, आणि ज्या जागी सर्वांत आधी अडेल त्या जागेचा आकडा साऱ्या वाटेला लागेल. वाट कितीही रुंद असली तरी धबधब्याखालच्या निसरड्या कातळावर पंचवीसच माणसे उभी राहू शकत असतील, तर पार्किंगसाठी किती जमीन सपाट केली याला काही अर्थ उरत नाही. कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजारांची मर्यादा घातली गेली, ती वाचून आपल्याकडे एका बैठकीत एक गृहस्थ म्हणाले होते, "मग आपणही तीन हजारच ठेवू." मी त्यांना विचारले की आपल्याकडे पठार कोठे आहे. त्यानंतरच्या बैठकीचे बोलावणे मला आले नाही.

"आपला ताडोबा करू" म्हणणाऱ्यांपासून तू विशेष सांभाळून राहा. खानदेशात राष्ट्रीय उद्यान एकही नाही. यावल आणि अनेर डॅम ही अभयारण्ये आहेत आणि चाळीसगावकडे पाटणादेवीच्या बाजूने गौताळा औट्रमघाटचा काही भाग आपल्याकडे येतो. यावलला 1969 मध्ये दर्जा मिळाला आणि त्याचे क्षेत्र सुमारे 177 चौरस किलोमीटर आहे. ताडोबा 1955 पासूनचे राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथला पाहुणा जिप्सीत बसून, वाटाड्याच्या देखत, ठरलेल्या रस्त्याने जातो. आपल्याकडचा पाहुणा पाण्यात भिजायला येतो आणि पायी फिरतो. त्याला वाघ दिसण्याची अपेक्षा नाही आणि म्हणून आवाज न करण्याचे कारणही त्याला दिसत नाही. तिथली नियमावली इथे चिकटवून चालत नाही. घ्यायचे ते एवढेच की तिथेही न्यायालयाला मध्ये पडावे लागले. जुलै 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातले पर्यटन अंतरिम आदेशाने थांबवले, ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा सुरू झाले तेव्हा गाभ्याच्या जास्तीत जास्त वीस टक्के भागाची अट आली होती. फाटक आधी उघडले आणि आकडा मागाहून आला, हा घोळ वाघांच्या राज्यातही झाला, तर तुझ्या बांबूची काय कथा!

कायदाही तुझ्या बाजूचा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 मधली कलमे 27 आणि 28 एकदा सावकाश वाच. अभयारण्यात प्रवेश हा परवानगीचा विषय आहे आणि परवानगीच्या कारणांच्या यादीत अभ्यास, छायाचित्रण आणि संशोधन यांच्यानंतर पर्यटन येते. मात्र पाड्यावरची बाई मोहाची फुले वेचायला जाते, किंवा पावरा कुटुंब देवाच्या कामाला डोंगरात जाते, त्यांना तुझ्या पर्यटकांच्या वहीत लिहू नकोस. त्यांचे रानाशी नाते हक्काचे आहे आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने ते मानले आहे. आकडा पाहुण्यांसाठी आहे, घरच्यांसाठी नाही. मी सुरुवातीच्या काळात ही गल्लत केली आणि दोन वर्षे एका पाड्याने मला पाणीसुद्धा विचारले नाही, ते योग्यच होते.

समितीच्या पैशांबद्दल तू फार कडक लिहिले आहेस. अध्यक्ष लोभी नाहीत, ताई. पाड्यावर डिसेंबरनंतर मजुरी नसते आणि केळीच्या बागांत जाऊन राबण्यापेक्षा त्यांना दाराशी आलेली गाडी बरी वाटते. त्यांना सांग की कमी माणसे आणि प्रत्येक गटामागे पैसे देऊन घेतलेला वाटाड्या यात पाड्याच्या घरांत पैसा जास्त जातो, कारण गाडीची पावती एकदाच फाटते आणि वाटाड्याची मजुरी दर फेरीला मिळते. शुल्क भरमसाट वाढवून गर्दी कमी करण्याच्या सल्ल्याला मात्र तू होकार देऊ नकोस. भुसावळच्या रेल्वेतल्या गँगमनचे कुटुंब आणि जळगावच्या सराफाचे कुटुंब यांना धबधबा सारखाच दिसला पाहिजे. नंबर लावावा, दिवस वाटून द्यावा, पण पैशाने गाळू नये. यावर मी वरिष्ठांशी भांडलो आहे आणि पुन्हा भांडेन.

हिवाळ्यातले एक संकट आताच सांगून ठेवतो, कारण तुझा प्रस्ताव पावसाळ्यापुरताच दिसतो. वांगी निघाली की भरीत पार्ट्या सुरू होतात. शेतात त्या शोभतात, पण हल्ली मंडळी वांगी, कळण्याचे पीठ आणि गाडीच्या टपावर कपाशीच्या वाळक्या काड्या बांधून रानात येतात. एकदा जानेवारीत मी नाल्याच्या काठी राखेची अकरा वर्तुळे मोजली. एका वर्तुळात काड्यांची टोके अजून लाल होती आणि वीतभर अंतरावर सागाची पाने गुडघाभर साचलेली होती. त्या दिवशी वारा नव्हता म्हणून वाचलो. फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम धरतात आणि जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळ्या केलेल्या पट्ट्या, त्याआधी काढायच्या असतात, पण काड्या टपावरून फाटकाच्या आत गेल्या की जाळरेषेचा उपयोग नाही. म्हणून काड्या फाटकावरच उतरवून घे, आणि त्याचीही वहीत नोंद कर.

नोंदीचे नाव निघाले म्हणून आता ते लिहितो, जे मी आजवर कोणाला लिहिलेले नाही.

रानपिंगळा, आपल्या रानातले ते छोटे घुबड, तुला ठाऊक आहे. 1884 नंतर त्याची खात्रीची नोंद नव्हती, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये पक्षी अभ्यासक पामेला रासमुसेन आणि त्यांचे सोबती यांना तो आपल्या शहाद्याजवळ दिसला, 113 वर्षांनी. मधल्या काळात एक नमुना 1914 साली गुजरातेत मिळाल्याचे मानले जात होते. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज पक्षी संग्राहकाने तो संग्रहालयातून चोरून त्यावर खोटे लेबल लावले होते. खोट्या लेबलामुळे शोध चुकीच्या दिशेला गेला, आणि लबाडी उघडी पडून खऱ्या जुन्या नोंदी हाती धरल्या तेव्हा पक्षी खानदेशात सापडला. ही गोष्ट मी फाटकावर शेकडो जणांना मोठ्या अभिमानाने सांगितली आहे. आणि तोच मी.

तेव्हा मी वनपाल होतो. श्रावणातल्या एका रविवारी मी सकाळपासून गाड्या चिंचोक्यांनी मोजत होतो: एक गाडी आत गेली की डाव्या खिशातला एक चिंचोका उजव्या खिशात. संध्याकाळी मोजले तर 214 निघाले. आमची ठरलेली मर्यादा 90 होती. वरून निरोप होता की गर्दी हाताबाहेर गेल्याचे कागदावर येऊ नये. निरोप देणाऱ्याला मी आज दोष देत नाही. पेन माझ्या हातात होते. मी वहीत 90 लिहिले. पुढची चार वर्षे तेच लिहीत गेलो, कारण पहिले खोटे झाकायला दुसरे लागते. पाचव्या वर्षी मी दोन वनमजूर वाढवून मागितले. उत्तर आले की आपल्या अहवालाप्रमाणे संख्या मर्यादेत आहे, सबब मनुष्यबळाची गरज दिसत नाही. ते उत्तर अगदी नियमाला धरून होते.

त्यानंतर मी बदललो, आणि लोक म्हणतात की अतिच बदललो. नोकरीची शेवटची नऊ वर्षे मला तालुक्यात "फाटकसाहेब" म्हणत. एका लग्नात वरपक्षाने हसत हसत मला मांडवाच्या दारात उभे केले होते. बढती गेली. आमदारांची गाडी परत पाठवली ही गोष्ट लोक अजून रंगवून सांगतात. खरे म्हणजे आमदार गाडीत नव्हतेच, त्यांचा पुतण्या होता, आणि आकडा भरला होता. मी ताठर होतो हे मला मान्य आहे. पण त्या नऊ वर्षांत वही खरी होती आणि तिसऱ्या वर्षी दोन वनमजूर मिळाले, ते त्या वहीमुळे मिळाले, माझ्या गोड बोलण्यामुळे नव्हे.

तू लिहितेस की खरा आकडा लिहिला तर साहेब रागावतील. रागावतील. लिही. साहेब तीन वर्षांत बदलून जातात, वही पुढे तीस वर्षे कोणीतरी उघडते.

रानपिंगळ्याचे आणखी एक. कॅमेरेवाले मोबाइलवर त्याचा आवाज लावून त्याला बोलावतात. तो दिवसा जागा असतो, निष्पर्ण फांदीवर उघडा बसतो, आणि आवाज आला की हद्दीत दुसरा शिरला असे समजून ढोली सोडून पुढे येतो. मी स्वतः एकदा पाहुण्यांच्या आग्रहाला बळी पडून हे होऊ दिले. तो चार वेळा आला, पाचव्या वेळी आला नाही, आणि त्या हंगामात त्या ढोलीशी मला जोडी पुन्हा दिसली नाही. माझ्यामुळेच गेली असे ठामपणे म्हणता येत नाही. नाही असेही म्हणवत नाही. ढोलीची वाट तुझ्या आकड्यात शून्य धर.

प्रस्ताव पाठवण्याआधी कच्चा मसुदा मला दाखव; भाषा मी सुधारणार नाही, फक्त वजाबाकी तपासेन. पोळ्याच्या आदल्या रविवारी मी सकाळच्या एसटीने येतो आहे. समितीच्या अध्यक्षांनाही फाटकावर बोलावून ठेव, आणि माझ्यासाठी खुर्ची सावलीत नको, बांबूजवळ ठेव. पावत्या तू फाड, मोजायला मी बसतो. चिंचोके माझ्याकडे आहेत, 214 च आहेत, डबा कधी रिकामा केला नाही.

तुझा,
काका