ओढ्याच्या पाण्यावर घरापुरती वीज होईल का? कोणतं टर्बाइन घ्यावं?

होईल. टर्बाइनचं नंतर बघू, आधी पाईपचं बोलू. पाणी खाली यायला २० मीटर उंची, सेकंदाला १० लिटर पाणी आणि 'खर्च वाचवायला बारीक पाईप टाकणार', असं तुम्ही लिहिलंय. ते शेवटचं वाचूनच हे उत्तर लिहायला घेतलं.

आमच्या घरात नेमका हाच वाद झाला. उंचीही तुमच्याइतकीच. थोरल्या काकांचं म्हणणं, पाईप बारीक केला की पाण्याला जोर येतो. नळीच्या तोंडावर अंगठा धरला की धार कशी लांब जाते, तसं. काकांपुढे कोणाचं चालत नाही. ६३ मिमीचा पाईप आला आणि टाकीपासून खाली टर्बाइनपर्यंत अंथरला गेला. दिवे लागले, पण मिणमिणते. सगळे टर्बाइनला नावं ठेवायला लागले.

मी नोझलच्या, म्हणजे पाईपच्या टोकाच्या निमुळत्या तोंडाच्या, अलीकडे प्रेशर गेज (पाण्याचा दाब दाखवणारा काटा) बसवला. व्हॉल्व्ह बंद असताना काटा २ किलोवर (चौरस सेंटिमीटरला), २० मीटरला हवा तसाच. व्हॉल्व्ह उघडला आणि काटा घसरत घसरत एकच्याही खाली जाऊन थांबला. निम्म्याहून जास्त उंची पाईपच्या आतल्या घर्षणातच संपत होती. काका म्हणाले, गेज खराब आहे. दुसरा लावला, त्यानेही तेच दाखवलं.

पुढे ११० मिमीचा पाईप टाकला. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तरी काटा पावणेदोनच्या खाली येईना. टर्बाइन तेच, नोझल तेच. काका अजून म्हणतात, त्या वर्षी पाऊस चांगला झाला म्हणून. पावसाचा काय संबंध? वरच्या टाकीवरून जादा पाणी आधीही सांडत होतं, नंतरही सांडत होतं.

अंगठ्याचं उदाहरण खरंच आहे, पण अंगठा नळीच्या टोकाला असतो, अख्खी नळी बारीक नसते. ते टोकाचं काम नोझल करतं. तोपर्यंत पाणी जितकं सावकाश येईल तितकं चांगलं.

तुमच्या आकड्यांवरून हिशेबाने जवळपास २ किलोवॅट निघतात. छोट्या संचात हातात १ पडेल. कमी वाटेल, पण रात्रंदिवस चालून दिवसाला २४ युनिट होतात, घराला भरपूर. या उंचीला क्रॉसफ्लो किंवा टर्गो प्रकारचं टर्बाइन बघा. पेल्टन हा प्रकार उंची जास्त आणि पाणी कमी असेल तिथे शोभतं.

हो, ते १० लिटर पावसाळ्यात मोजले असतील तर हा सगळा हिशेब बाद. भर उन्हाळ्यात बादली आणि घड्याळ घेऊन मोजा, आणि त्यातलंही थोडं पाणी ओढ्यात राहू द्या, खाली मासे आहेत, माणसं आहेत. पाणी वळवायची परवानगी लागते का तेही विचारून घ्या. बॅलास्ट लोड, म्हणजे उरलेली वीज जिरवायची सोय, मात्र हवाच. घरातलं सगळं एकदम बंद झालं तर टर्बाइन जवळपास दुप्पट वेगाने पळतं. उरलेली वीज पाण्यातल्या हीटरकडे वळवली की ते आवरतं.

आणि घरातलं कोणी वडीलधारं बारीक पाईपवर अडून बसलं असेल, तर दोन्ही मापांचं घर्षण कागदावर मांडून दाखवा. व्यास निम्मा केला की तेवढ्याच पाण्याला घर्षण जवळपास ३२ पट होतं. हे पाईप पुरायच्या आधी दाखवा. आमच्याकडे चर दोनदा खणावा लागला.