खुर्ची कुरकुरते, तेल मारू का?

ऑफिसच्या खुर्चीबद्दल येणाऱ्या पत्रांत शब्द बदलतात, प्रश्न तोच असतो: आवाज येतोय, काय मारू? आवाज नेमका कुठून येतो, कोणत्या हालचालीला येतो, हे जवळजवळ कुणीच लिहीत नाही. तेवढं कळलं तर निम्मी पत्रं यायचीच थांबतील. या वेळी साचलेल्या प्रश्नांना एकत्रच उत्तरं देतो.

प्रश्न: घरात स्वयंपाकाचं तेल आहे. दोन थेंब सोडले तर चालतील का?

नाही. काही आठवड्यांत ते चिकट होतं आणि धूळ धरून बसतं.

प्रश्न: नवी खुर्ची मी स्वतःच जोडली. पहिल्या आठवड्यापासूनच पुढे झुकलं की करकरते. माल खराब निघाला का?

बहुधा माल ठीक आहे, जोडणी चुकली आहे. लोक पहिला बोल्ट पूर्ण आवळून मोकळे होतात. मग उरलेल्यांची भोकं जुळत नाहीत, आणि शेवटचा बोल्ट तिरका घुसवला जातो. सगळे बोल्ट सैल करा. प्रत्येक बोल्ट आधी हाताने फिरवून आट्यांत सरळ बसवा. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतले आळीपाळीने, थोडे थोडे आवळत आणा. पंधरा दिवस वापरल्यावर पुन्हा एकदा ॲलन की फिरवून बघा, कारण भाराखाली प्लायवूड थोडं दबतं आणि बोल्ट सैल पडतात.

अंगची सगळी ताकद मात्र लावू नका. सीटच्या प्लायवूडमध्ये टी-नट, म्हणजे बोल्ट धरणारे आट्यांचे नट, ठोकलेले असतात. जास्त पिळलं की ते लाकडातच गरगर फिरू लागतात, आणि मग बोल्ट घट्टही होत नाही आणि बाहेरही येत नाही. आटे गेल्याचं जाणवलं तर तिथेच हात थांबवा. खुर्ची वॉरंटीत असेल तर पुढची कोणतीही खटपट करण्याआधी विक्रेत्याला लेखी कळवा. उघडलेली खुर्ची परत घेताना ते सबबी सांगणारच.

प्रश्न: आवाज खालून येतो एवढंच कळतं. नेमकी जागा कशी शोधायची?

असा प्रश्न विचारणारा क्वचित भेटतो, म्हणून सविस्तर सांगतो.

एकट्या कानावर विसंबू नका. लोखंडी सांगाड्यातून आवाज कुठल्या कुठे पोहोचतो. सैल असतो खुर्चीच्या हाताचा बोल्ट, ऐकू येतं सीटखालून, आणि माणूस सिलिंडरवर, म्हणजे सीट वर-खाली करणाऱ्या गॅसच्या नळीवर, स्प्रे मारत बसतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. त्यापेक्षा दुसऱ्या कुणाला तरी खुर्चीत बसवून सावकाश हलायला सांगा आणि तुम्ही एकेका सांध्यावर बाहेरून बोटं टेकवा. ज्या सांध्यावर आवाजाबरोबर बोटाला बारीक झटका लागतो, दोष तिथे. पाठ मागे झुकवणाऱ्या सीटखालच्या मेकॅनिझमच्या फटीत मात्र बोट घालायचं नाही. तिथली स्प्रिंग मोठ्या जोराने दाबलेली असते आणि पाठ सरळ होताना बोट चेंगरतं.

यानंतर एका वेळी एकच हालचाल करून बघा. पाठ लॉक करून जागच्या जागी गोल फिरा. तेव्हाच टकटक होत असेल तर सिलिंडरच्या तळाशी असलेलं छर्र्यांचं बेअरिंग बघायला हवं. पाठ टेकल्यावरच आवाज येत असेल तर मेकॅनिझम किंवा पाठीची पट्टी. कोपर टेकून उठताना येत असेल तर हातांचे बोल्ट. खुर्ची ढकलल्यावर येत असेल तर चाकं. नुसतं उठता-बसता येत असेल तर सीटच्या प्लेटचे बोल्ट किंवा सिलिंडर वर जिथे बसतो ती जागा.

आवाजाची जातही बघा. चिरका ‘चुईं’ म्हणजे कोरडा पडलेला धातू. ‘करकर’ म्हणजे सैल जोड, नाहीतर प्लास्टिकवर घासणारं प्लास्टिक. दर वेळी ठरावीक कोनातच ‘टक’ होत असेल तर त्याची मला काळजी वाटते. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

दोष सापडला की आधी बोल्ट, मग सफाई, आणि सगळ्यात शेवटी वंगण. धातूवर धातू फिरत असेल तर पांढरं लिथियम ग्रीस, तेही अगदी थोडं. प्लास्टिकला सिलिकॉन स्प्रे. तो फडक्यावर घेऊन लावा; फरशीवर उडाला तर तुम्हीच घसराल. एक जागा मात्र कोरडीच ठेवायची: सिलिंडर खाली चाकांच्या पंज्यात आणि वर सीटच्या प्लेटमध्ये जिथे रुततो ती. तिथे बोल्ट नसतो. निमुळता आकार आणि घर्षण यांच्या जोरावरच सगळी पकड असते. तिथे ग्रीस चोपडलं तर पकड सुटून सीट डुलू लागते. ती जागा पुसून कोरडी करायची आणि सिलिंडर पुन्हा नीट बसवायचा. तो निघत नसेल तर हातोडा घेऊन झुंजू नका, कारागिराला बोलवा.

प्रश्न: चाकं चिरकतात.

खुर्ची उलटी करा, चाक सरळ ओढून काढा, आसाभोवती गुंडाळलेले केस आणि धागे चिमट्याने काढा. फरशी कठीण असेल तर मऊ रबरी कडेची चाकं घ्या, कडक नायलॉनची चाकं गालिच्यासाठी असतात. जुन्या चाकाच्या दांड्याची जाडी मोजूनच नवीन आणा. बहुतेकांची ११ मिलिमीटर असते, सगळ्यांची नसते.

प्रश्न: मागे रेललं की डावीकडून ‘टक’ असा आवाज यायचा. डब्ल्यूडी-४० मारलं, आठ-दहा दिवस शांतता होती, मग पुन्हा सुरू झाला. आता दर महिन्याला मारतो. याहून चांगला स्प्रे कोणता?

कोणताच सुचवणार नाही. आज रात्री मागे रेलायचं बंद करा आणि उद्या खुर्ची उलटी करा.

त्या स्प्रेबद्दल गैरसमज फार आहेत, म्हणून आधी तेच सांगतो. पाणी हटवून गंज रोखण्यासाठी १९५३ साली तो तयार झाला आणि ॲटलस क्षेपणास्त्राच्या बाहेरच्या पत्र्यावर वापरला गेला. गंजलेला बोल्ट सोडवायला, ओल काढायला तो उत्तमच. पण त्यात पातळ द्रावक जास्त आणि हलकं तेल कमी असतं. माणसाचा भार पेलणाऱ्या सांध्यात त्याचा थर फार टिकत नाही, उलट कारखान्यात भरलेलं घट्ट ग्रीस तो धुऊन काढतो. म्हणजे दर महिन्याला तुम्ही सांधा आणखी कोरडा करताय. दोष डबीचा नाही. मिनिटभराच्या व्हिडिओत ‘एक फवारा आणि काम फत्ते’ म्हणून दाखवणाऱ्यांचा आहे.

पण माझी खरी काळजी ग्रीसची नाही. एकाच बाजूने, एकाच कोनात येणारा ‘टक’ म्हणजे कधी नुसता सैल बोल्ट असतो आणि कधी वेल्डिंगला गेलेला तडा. तड्याचे दोन काठ एकमेकांवर घासतात तेव्हा आवाज होतो. पातळ तेल त्या फटीत सहज शिरतं, काठ गुळगुळीत होतात आणि खुर्ची गप्प बसते. तडा असतो तिथेच. प्रत्येक रेलण्याला धातू पुन्हा वाकतो आणि फट किंचित पुढे सरकते. तुम्ही आवाज बंद केला म्हणून पट्टीवरचा भार कमी झाला का? नाही. फक्त तुम्हाला सावध करणारी एकमेव गोष्ट तुम्ही घालवली. अशी पट्टी तुटते ती माणूस मनापासून मागे रेललेला असताना. तो पडतो पाठीवर, डोकं आधी आपटतं.

म्हणून टॉर्च घ्या. पाठीची पट्टी सीटच्या प्लेटला जिथे मिळते तिथे, आणि वेल्डिंगच्या दोन्ही टोकांना, कोरड्या फडक्याने तेल पुसून बघा. रंगावर केसाएवढी रेघ आहे का? रेघेच्या कडेला तांबूस पूड दिसते का? नायलॉनचा पंजा असेल तर प्रत्येक पायाच्या मुळाशी, खालच्या फासळ्यांत पांढुरके चट्टे शोधा. प्लास्टिकवर ताण आला की ते आधी पांढरं पडतं, मग चिरतं. सीटचं प्लायवूड बोल्टांच्या रांगेत चिरलंय का, तेही बघा. यातलं एक जरी दिसलं तरी खुर्चीवर बसू नका आणि दुसऱ्या कुणाला बसू देऊ नका. तो भाग बदलून मिळेल का, हे बनवणाऱ्या कंपनीलाच विचारा. तडा ओळखू येत नसेल तर जाणकाराला दाखवा. फोटो पाठवून ‘चालेल का’ विचारू नका, फोटोत केसाएवढी रेघ दिसत नाही.

आणि कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे नेऊन टाका मारून घेऊ नका. पत्रा पातळ असतो, टाक्याच्या शेजारीच नवा तडा जातो. त्यात गॅसचा सिलिंडर जागेवर ठेवून वेल्डिंग करणं म्हणजे भलतंच साहस.

प्रश्न: बसलं की ‘फुस्स’ आवाज होतो आणि सीट हळूहळू खाली जाते. एक जण गॅस भरून देतो म्हणतो. दुसरीकडे सिलिंडर फुटल्याचे व्हिडिओ बघून भीती वाटते. काय करू?

गॅस भरून घेऊ नका, सिलिंडर बदला. सील झिजलं म्हणून गॅस गेला. नवा भरला तरी तो त्याच वाटेने जाणार. ‘रिफिल’ म्हणून पैसे घेणाऱ्याला हे तुमच्याइतकंच ठाऊक असतं. नळीभोवती पाइप किंवा क्लॅम्प बसवून सीट अडवून धरण्याच्या युक्त्या फिरतात, त्याही नकोत.

भीतीबद्दल: आत नायट्रोजन असतो, तो पेट घेत नाही. पण दाब खूप असतो. म्हणून सिलिंडर कापायचा नाही, भोक पाडायचं नाही, तापवायचा नाही, आत काय आहे हे बघायला खोलायचा तर मुळीच नाही. नवा घेताना मजबुतीची श्रेणी सांगणाऱ्या नुसत्या ‘क्लास ४’च्या स्टिकरवर भुलू नका. नळीवर बनवणाऱ्याचं नाव आणि कोणत्या मानकानुसार तपासणी झाली ते कोरलेलं आहे का, हे बघा. लांबी आणि व्यास जुन्याशी ताडून घ्या आणि बदलायचं काम माहीतगाराकडून करून घ्या.

प्रश्न: माझं वजन जास्त आहे म्हणून खुर्ची आवाज करते का? विचारायला संकोच वाटतो.

संकोच कसला? प्रत्येक खुर्चीला भारमर्यादा असते आणि ती सांगणं विकणाऱ्याचं काम आहे. ऑफिसच्या खुर्च्यांसाठी प्रचलित असलेलं बिफ्मा या अमेरिकेतल्या फर्निचर उत्पादकांच्या संघटनेचं एक्स५.१ हे मानक साधारण १२५ किलोपर्यंतच्या व्यक्तीसाठी आहे. त्याहून अधिक वजनासाठी एक्स५.११ हे वेगळं मानक आहे. सीटखालचं लेबल वाचा. लेबल नसेल तर विक्रेत्याकडून मर्यादा लेखी मागा. मर्यादेच्या आत असाल तर दोष तुमच्या वजनात नाही, बोल्टात शोधा. बाहेर असाल तर दुरुस्तीवर खर्च न करता योग्य मानकाची खुर्ची घ्या.

प्रश्न: मी हेडफोन लावूनच काम करतो. आवाज आला म्हणून काय बिघडलं?

वरचं रेलण्याचं उत्तर हेडफोन काढून वाचा.

प्रश्न: ऑफिसची खुर्ची आहे. तीन महिने झाले, तोंडी सांगतोय. ‘बघू’ म्हणतात आणि ती खुर्ची दुसऱ्या टेबलाला ढकलून देतात.

तोंडी सांगितलेलं कुणाच्याच लक्षात राहत नाही, आणि तीन महिने म्हणजे फार झाले. आजच ईमेल करा. खुर्चीचा क्रमांक किंवा मॉडेल, आवाज कोणत्या हालचालीला येतो, कधीपासून येतो, बोल्ट कुणी तपासले का, एवढं चार ओळींत लिहा. ‘खुर्ची खराब आहे’ एवढंच लिहिलंत तर उत्तरात पुन्हा ‘बघू’ येईल. ‘मागे रेलताना डाव्या बाजूने ठरावीक कोनात आवाज येतो, वेल्डिंग तपासून घ्यावं’ असं लिहिलंत की वाचणाऱ्याला ते टाळणं अवघड जातं. सीटवर ‘वापरू नये, तपासणी बाकी’ असा ठळक कागद चिकटवा, त्यावर तारीख घाला आणि त्याचा फोटो ईमेलला जोडा. तपासणी पुरवठादाराच्या माणसाकडूनच व्हावी असा आग्रह धरा. कामावरचा कुणी हौशी सहकारी स्प्रेची डबी घेऊन आला तर त्याला हात लावू देऊ नका.