पुढच्या शनिवारी निघालो तर चालेल का?

प्रश्न: डॉक्टर, मंगळवारी, 6 तारखेला, सहा वर्षांच्या लेकीला अंघोळ घालताना पाठीवर तीन-चार लाल ठिपके दिसले. डास चावले असतील असं वाटलं. संध्याकाळपर्यंत त्यांत पाणी भरलं, पोटावर आणि केसांतही नवे आले. कांजिण्याच आहेत, असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं. शनिवारी, 10 तारखेला, आम्ही चौघं विमानाने माझ्या बहिणीकडे जाणार होतो. तिला पाचवा महिना आहे. तिकिटं काढलीत, रजा मंजूर झाल्यात. धाकटा अडीच वर्षांचा, त्याची कांजिण्यांची लस राहून गेली. मला आणि नवऱ्याला लहानपणी कांजिण्या झाल्यात. नवरा म्हणतो, ताप नसला तर अंगभर कपडे घालून तिला नेऊ. सासूबाई म्हणतात, तिला माझ्याकडे ठेवा, तुम्ही तिघं जाऊन या. मला वाटतं, 17 तारखेला निघावं, तोवर खपल्या धरतील. आमचं बोलणं ऐकून लेक रडायला लागली, ‘माझ्यामुळे राहिलं ना?’ काय करू?

उत्तर: तुमची मेल मंगळवारी रात्री आली. धाकट्याच्या लशीचं थांबण्यासारखं नव्हतं, म्हणून तेवढं बुधवारी सकाळीच तुम्हाला कळवलं. बाकीचं इथे सविस्तर लिहिते. सुट्ट्यांच्या तोंडावर माझ्या दवाखान्यात हा प्रश्न सतत येतो आणि तारखांचा हिशेब बहुतेक घरांत एकाच ठिकाणी चुकतो.

आधी शनिवारचं. त्या दिवशी जायचं नाही. कांजिण्यांचा विषाणू फोडांतल्या पाण्यातून पसरतो तसाच श्वासातून, हवेतूनही पसरतो. कपड्यांनी फोड झाकले जातील, श्वास झाकला जाणार नाही. त्या विमानात एखादं तान्हं बाळ असेल, कर्करोगाचे उपचार घेणारं कुणी असेल. त्यांच्यासाठी हा आजार साधा नसतो. शिवाय विमानाच्या दारात कर्मचाऱ्यांच्या लक्षात आलं, तर तिला उतरवू शकतात. ताप आणि खाजेने आधीच बेजार झालेल्या मुलीवर सगळ्यांसमोर अशी वेळ आणू नका.

आता तुमची 17 तारीख. लेकीपुरता तुमचा हिशेब बरोबर आहे. पुरळ येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून ते शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत ती इतरांना लागण देऊ शकते. खपल्या धरायला साधारण पाच ते सात दिवस लागतात. म्हणजे 13 तारखेच्या आसपास ती मोकळी होईल. पण धाकट्याचं काय? तो रविवारपासून, म्हणजे ती ठणठणीत दिसत होती तेव्हापासून, तिच्या श्वासात श्वास घेतोय. एका घरात राहणाऱ्या आणि आजार किंवा लस दोन्ही न झालेल्या दहा मुलांपैकी जवळपास नऊ जणांना लागण होते. ती लगेच दिसत नाही, 10 ते 21 दिवस लागतात. रविवार 4 तारीख धरली, तर त्याच्या अंगावर लवकरात लवकर 14 तारखेला पुरळ येऊ शकतं आणि त्याआधी दोन दिवस तो इतरांना आजार देऊ शकतो. 17 तारीख नेमकी त्या काळात येते. तुम्ही लेकीच्या खपल्या बघून निश्चिंतपणे निघाल आणि हसता-खेळता धाकटा मावशीच्या मांडीवर जाऊन बसेल.

सासूबाईंचा तोडगाही इथेच अडतो. तिघं गेलात तरी धाकटा तुमच्यासोबत असणारच.

आणि मावशी गरोदर आहे. बाकी सगळं सोडा, एवढ्या एका कारणासाठीही मी तुम्हाला थांबवलं असतं. गरोदरपणी कांजिण्या झाल्या तर आईला न्यूमोनिया होऊ शकतो, आणि पहिल्या पाच-सहा महिन्यांत क्वचित गर्भालाही इजा होते. बहिणीला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का, हे आईला विचारा. नक्की आठवत नसेल तर रक्त तपासून प्रतिकारशक्ती आहे की नाही ते कळतं. तिच्या डॉक्टरांना सांगून ती तपासणी आत्ताच करून घेऊ दे. गरोदरपणी ही लस देत नाहीत, त्यामुळे आधी माहीत असलेलं बरं.

धाकट्याची लस संपर्कानंतर तीन दिवसांत दिली तर उत्तम, पाचव्या दिवसापर्यंतही उपयोग होतो. म्हणून बुधवारी घाई केली. ती दिली की अनेकदा आजार टळतो, आणि झालाच तर सौम्य होतो. पण लस टोचली म्हणून प्रवासाला मोकळीक मिळाली असं समजू नका. चार-पाच फोड आलेलं मूलही आजार पसरवतं. या लशीमागेही एक बाप आहे. मिचिआकी ताकाहाशी हे जपानी संशोधक 1964मध्ये अमेरिकेत काम करत असताना त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाला कांजिण्यांनी फार त्रास झाला. पुढे 1974मध्ये त्यांनी लस तयार केली. ज्यांना हा आजार ‘सगळ्यांनाच होतो’ म्हणून सोडून द्यावासा वाटतो, त्यांना मी हे आवर्जून सांगते.

धाकट्याच्या अंगावर पहिला फोड दिसला की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. घरातल्या दुसऱ्या मुलाला बहुधा पहिल्यापेक्षा जास्त त्रास होतो. विषाणूवरचं औषध द्यायचं ठरलं, तर ते पहिल्या 24 तासांत सुरू केलेलं बरं.

सासूबाईंना कांजिण्या होऊन गेल्या असतील तर त्यांनी नातीजवळ खुशाल बसावं. नातीमुळे नागीण होईल ही भीती अनेक आज्यांना असते. नागीण आपल्याच शरीरात दडून राहिलेल्या जुन्या विषाणूमुळे उठते, नातीकडून येत नाही. कांजिण्या झालेल्याच नसतील किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर मात्र त्यांनी लांब राहावं आणि आपल्या डॉक्टरांशी बोलावं.

एक फोन अवघड वाटेल, तरी करा. रविवारी-सोमवारी लेक ज्यांच्याबरोबर खेळली त्यांच्या घरी आणि शाळेत कळवा. तिथे कुणी गरोदर असेल आणि तिच्यात प्रतिकारशक्ती नसेल, तर तिला संरक्षक प्रतिपिंडांचं इंजेक्शन देता येतं, पण संपर्कानंतर दहा दिवसांच्या आत. लोक काय म्हणतील या संकोचात हे दिवस निघून जातात.

लेकीच्या तापासाठी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या. अ‍ॅस्पिरिन अजिबात नको, आयब्युप्रोफेनही नको. कांजिण्यांत दोन्हींमुळे गंभीर गुंतागुंत होऊ शकते. नखं कापा, कोमट पाण्याने अंघोळ घाला, टॉवेलने घासू नका, टिपून घ्या. खाजेवर कॅलामाइन लावा. ताप चार दिवसांपेक्षा जास्त टिकला किंवा उतरून पुन्हा चढला, फोडाभोवतीची कातडी लाल, गरम होऊन दुखायला लागली, धाप लागली, उलट्या थांबेनात, मान ताठली, चालताना तोल गेला किंवा मूल गुंगीत दिसलं, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र आजच द्या. सहा वर्षांच्या मुलाला आजार म्हणजे आपलाच काहीतरी गुन्हा वाटतो. तिला जवळ घेऊन सांगा, की दोन-तीन आठवड्यांपूर्वी कुणाच्या तरी श्वासातून हे तुझ्याकडे आलं. त्या मुलालाही माहीत नव्हतं आणि तुलाही नाही. ‘जाणं राहिलं’ असं म्हणू नका, ‘तारीख बदलली’ म्हणा, आणि मुख्य म्हणजे तिकिटांच्या पैशांचं बोलणं तिच्या कानावर जाऊ देऊ नका. तिला एक कामही द्या. कागदावर मुलीचं चित्र काढून रोज संध्याकाळी नवे आलेले फोड तिने त्यावर रंगीत पेन्सिलीने टिंबं देऊन दाखवायचे. तिचं मन रमेल आणि नवे फोड कुठल्या दिवशी थांबले याची पक्की नोंद तुमच्याकडे राहील. साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी ते थांबतात.

तिकिटांचं काम विमान सुटण्याआधीच उरका. न कळवता गैरहजर राहिलं तर बरेचदा काहीच परत मिळत नाही. डॉक्टरांकडून दाखला घ्या. त्यात आजाराचं नाव, पुरळ आल्याची तारीख आणि कधीपर्यंत प्रवास नको, हे लिहून घ्या. धाकट्याचा वेगळा दाखला मागा. प्रवासविमा असेल तर त्यातली आजारपणाची अट वाचा. धाकटा लेकीजवळ 13 तारखेपर्यंत आहे असं धरलं, तर त्याचे 21 दिवस पुढच्या महिन्याच्या 3-4 तारखेला संपतात. तोवर त्याला काही झालं नाही तर त्यानंतरची तिकिटं काढा. झालंच तर त्याच्या शेवटच्या खपलीपर्यंत थांबा. आणि बहिणीच्या तपासणीचा निकाल हातात आल्याशिवाय नवी तारीख पक्की करू नका.