'एरागॉन' ही टॉल्किनची नक्कल आहे का? मुलीला आधी काय वाचायला द्यावं?

तुमची मुलगी बारा वर्षांची आहे म्हणता, तर आधी 'एरागॉन'च द्या, चार भागांच्या जादूच्या कादंबरीमालिकेतला हा पहिला भाग. आमच्याकडे ग्वाल्हेरला, लष्कर भागात, माझी भाची टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या सुरुवातीलाच दोनदा अडकली होती. 'एरागॉन' मात्र तिनं आठवड्यात संपवलं.

नक्कल म्हणणाऱ्यांचं बरंचसं खरं आहे. ख्रिस्तोफर पाओलिनीनं हे लिहायला घेतलं तेव्हा तो 15 वर्षांचा होता. मामाच्या शेतावर वाढलेला पोरगा, मामाचा मृत्यू, गावातला म्हातारा जुना योद्धा निघणं, कैदेतली राजकन्या: हा सांगाडा 1977 च्या 'स्टार वॉर्स'चा, आणि तो त्याला फारसा बदलता आला नाही. एल्फ आणि बुटके या जमाती टॉल्किनच्या. खऱ्या नावात ताकद असते ही कल्पनाही अर्सुला ले ग्वीननं 1968 मध्येच लिहिली होती.

पण टॉल्किननंही बुटक्यांची नावं, अगदी त्याच्या गँडाल्फ या जादूगाराचं नावसुद्धा, जुन्या नॉर्स काव्यातूनच घेतली. आमच्या ग्वाल्हेर घराण्यात दहा शिष्य एकच बंदिश गातात, त्याला कोणी चोरी म्हणत नाही. बढत, म्हणजे तिचा विस्तार, कशी केली ते ऐकतात.

पाओलिनीची बढत जादूत आहे. हातानं काम करायला जेवढी शक्ती लागते तेवढीच मंत्रालाही लागते, झेपली नाही तर माणूस मरतो. आणि मंत्राला व्याकरण आहे! कथेचा नायक एरागॉन एका तान्ह्या मुलीला आशीर्वाद देतो. म्हणायचं असतं 'संकटांपासून तुझं रक्षण होवो', पण शब्दाचं रूप चुकतं आणि अर्थ होतो 'तू इतरांची ढाल हो'. पोर आसपासच्या सगळ्यांची दुःखं भोगू लागते. आपल्याकडे त्वष्ट्याच्या यज्ञात 'इंद्रशत्रु' शब्दाचा स्वर चुकला आणि इंद्राला मारणारा हवा होता तिथे इंद्राच्या हातून मरणारा वृत्र जन्मला, त्याची मला लगेच आठवण झाली. ही चूक दुसऱ्या भागात उघड होते, मुलीला आधी सांगू नका. माझ्या मते चारही भागांत याहून चांगलं काही नाही.

दुसरा भाग झाला की ले ग्वीनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' द्या, लहानसंच आहे. टॉल्किन त्यानंतर, उन्हाळ्याच्या सुट्टीत.