नवा कोच आला की कॉलेजची फुटबॉल टीम एका वर्षात खरंच बदलते का?

तुम्ही अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचं उदाहरण दिलंय: 2023 ला 3 विजय आणि 9 पराभव, 2024 ला नवा कोच, 11 विजय आणि 2 पराभव. ही कोचची जादू की नशीब, असा तुमचा प्रश्न. मी तेव्हा ब्लूमिंग्टनलाच, म्हणजे त्या विद्यापीठाच्या गावातच, राहत होतो, म्हणून लिहितो. (हे फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचं, बहुतेक हातानेच खेळायचं.)

आधीची गत अशी, की देशातल्या मोठ्या टीम्समध्ये सगळ्यात जास्त पराभव तेव्हा इंडियानाच्याच नावावर होते. गावाचा देव बास्केटबॉल. फुटबॉलचा शनिवार म्हणजे पार्किंगमध्ये ग्रिल पेटवायचं निमित्त. मॅच सुरू झाली तरी निम्मी पोरं गाडीच्या डिकीपाशी सॉसेज खात उभी, आणि जी आत जायची ती हाफटाइमला बाहेर. शेजारचे काका इथलेच माजी विद्यार्थी, दोन सीझन तिकिटं त्यांची आणि जात होतो मी. फुकट.

मग नवे कोच आले, 62 वर्षांचे कर्ट सिग्नेटी. पत्रकारांनी विचारलं, चांगले खेळाडू तुमच्याकडे कशाला येतील? ते म्हणाले, "मी जिंकतो. गूगल करून बघा." आम्ही हसलो. पण गूगल केलं तर हेड कोच म्हणून त्यांचा एकही सीझन तोट्यातला नव्हता.

आता जादूबद्दल. सिग्नेटी एकटे आलेच नाहीत, जेम्स मॅडिसन विद्यापीठातून अख्खं बिऱ्हाड घेऊन आले. मदतनीस कोच आणि 13 खेळाडू. पूर्वी कॉलेज बदललं की बहुतेकांना वर्षभर बाहेर बसावं लागायचं. 2021 पासून लगेच खेळता येतं. त्यामुळे सर्वाधिक टॅकल्स करणारा, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडणारा, एडन फिशर त्यांच्या जुन्या टीमचा, झेल घेऊन सर्वाधिक अंतर (यार्ड्स) मिळवून देणारा एलायजा सॅरटही तिथलाच. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून टीमला खेळवणारा, कर्टिस रूर्क ओहायो विद्यापीठातून आलेला. ही पोरं वयाने मोठी, मुरलेली, आणि बऱ्याच जणांना कोचची पद्धत पाठ. आपल्याकडे चंद्रकांत पंडितांनी 2017-18 ला विदर्भाला पहिली रणजी जिंकून दिली, तेव्हा कडक शिस्तीइतकाच मुंबईहून आलेल्या वसीम जाफरचा अनुभवही होताच की.

नशीबही होतं, नाही म्हणणार नाही. वेळापत्रक सोपं होतं. खरी तगडी टीम समोर आली तेव्हा ओहायो स्टेटने (हे रूर्कच्या ओहायोहून वेगळं विद्यापीठ) 38-15 ने धुतलं, आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेरीत, नोत्र दामने 27-17 ने. हा दुसरा स्कोअर तर फसवा आहे. शेवटच्या काही मिनिटांत आमचे दोन टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन मिळवलेले गुण) झाले म्हणून लाज राहिली. पण आदल्या वर्षीच्या राष्ट्रीय विजेत्या मिशिगनला 20-15 ने हरवलं, ते काही वेळापत्रकाने हरवलं नाही. आणि 2025 च्या सीझनला तर 16 पैकी 16 जिंकून राष्ट्रीय विजेतेपदच घेतलं.

माझ्या मनात मात्र 2024 ची नेब्रास्काविरुद्धची मॅच आहे. रूर्कचा अंगठा दुखावला, बदली क्वार्टरबॅक उतरला, तरी 56-7. हाफटाइमला मी सवयीने उठलो, तर बाहेर पडायला जागाच नाही. पोरं जिन्यात उभी. वर्षाअखेरीस आमच्याच राज्यातल्या जुन्या प्रतिस्पर्धी पर्ड्यू विद्यापीठाला 66-0 हरवून ती जुनी लाकडी बादली परत आणली. हो, ट्रॉफी म्हणजे खरोखर विहिरीवरची बादली, आणि जिंकणाऱ्याचं अक्षर दरवर्षी तिच्या साखळीत ओवतात.

शेजारच्या काकांनी मला शेवटचं फुकट तिकीट दिलं ते नेब्रास्काचंच.