वाचकांचे प्रश्न : छोट्या रुळांवरची गाडी

१८० × ९० सेंमीची फळी मोकळी आहे. लांब डब्यांची प्रवासी गाडी गोल फिरताना बघायची आहे. पहिल्या मॉडेल रेल्वे मांडणीसाठी एचओ घ्यावं की एन (छोट्या गाड्यांची दोन मापं)?

अशी गाडी हवी असेल तर एन घ्या. एचओचं प्रमाण १:८७ आणि दोन रुळांतलं अंतर १६.५ मिमी, एनचं प्रमाण १:१६० आणि अंतर ९ मिमी. तुमच्या फळीला दोन्ही कडांशी पाच-पाच सेंमी सोडले की वळणाची त्रिज्या जास्तीत जास्त ४० सेंमी मिळते. साडेसव्वीस मीटरचा खरा डबा एचओत सुमारे ३० सेंमीचा होतो, एनमध्ये साडेसोळा सेंमीचा. त्रिज्या सर्वांत लांब डब्याच्या निदान अडीचपट असावी, असा जाणत्यांचा आडाखा आहे. एनमध्ये तो जवळजवळ जमतो, एचओत मात्र दीडपटही भरत नाही. मग डब्याची टोकं वळणाबाहेर झुलतात, कपलिंग तिरकं ओढलं जातं आणि मधला हलका डबा वळणाच्या आतल्या बाजूला कलंडतो. लांबी मुद्दाम कमी केलेले एचओ डबे मिळतात, ते ३६ सेंमीच्या वळणातूनही जातात. पण लांब गाडीचा डौल त्यात येत नाही.

एनचं इंजिन हलकं असतं, त्यामुळे रुळावरचा थोडा मळही त्याला अडवतो. तेवढी सफाई वरचेवर करावी लागेल. मालगाडीचे डबे पुढेमागे करून जुळवण्यात जास्त गोडी वाटत असेल, तर मात्र याच फळीवर छोट्या डब्यांचं एचओ यार्ड फार सुंदर होतं. आणि फळी भिंतीला टेकवून ठेवू नका. सत्तर सेंमीपलीकडे हात नीट पोचत नाही आणि गाडी नेमकी तिथेच घसरते.

रूळ लखलखीत पुसले, तरी सहा मीटरच्या गोलाच्या पलीकडच्या बाजूला गाडी मंदावते. वीज एकाच ठिकाणी जोडली आहे.

दोष मळाचा नाही, वीज एकाच ठिकाणी जोडण्याचा आहे. निकेल सिल्व्हर या मिश्रधातूच्या रुळाचा विद्युतरोध तांब्याच्या कित्येक पट असतो. त्यात प्रत्येक जोडावरची फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी) भर घालते: आज घट्ट बसलेली पट्टी काही महिन्यांत गंजाच्या थराने आणि सैल पडल्याने वीज नीट पुढे देईनाशी होते.

आधी खात्री करा. इंजिन पलीकडच्या बाजूला हाताने अडवून चाकं घसरती ठेवा आणि मल्टिमीटरने तिथला व जोडणीजवळचा व्होल्टेज मोजा. रुळावर इंजिन नसताना मोजलंत तर दोन्हीकडे सारखाच आकडा दिसेल आणि तुम्ही फसाल, कारण प्रवाहच वाहत नसेल तर घटही पडत नाही. फरक अर्ध्या व्होल्टहून जास्त आला तर उपाय करायलाच हवा.

उपाय असा. फळीखालून गोलाच्या बरोबरीने दोन रंगांच्या १.५ चौरस मिमी तांब्याच्या तारा फिरवा. डीसीसी (रुळांतून डिजिटल संदेश देऊन प्रत्येक इंजिन वेगळं चालवण्याची पद्धत) असेल आणि लांबी जास्त असेल तर २.५ चौरस मिमी. त्यांच्यापासून दर मीटरला दोन्ही रुळांपर्यंत ०.५ चौरस मिमीची आखूड तार, फार तर ३० सेंमीची, वर आणा. ती रुळाच्या बाहेरच्या अंगाला झाळा (सोल्डर करा), आतल्या अंगाला झाळली तर चाकाची कड डागावर चढते. जागा कानशीने घासून चकचकीत करा, राळेचा फ्लक्स लावा (आम्लाचा नको, तो पुढे तार खातो), रूळ आणि तार दोन्हींना आधी वेगवेगळं कथील चढवा, मग एकत्र टेकवून दोन-तीन सेकंदांत उचला. दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवा. स्लीपर वितळतात ते बहुतेक वेळा कमी ताकदीच्या सोल्डरिंग आयर्नमुळे: तापायला वेळ लागतो, तेवढ्यात उष्णता प्लास्टिकपर्यंत पोचते.

सगळे जोड मात्र झाळून टाकू नका. २० अंशांच्या फरकाने मीटरभर रूळ सुमारे ०.३ मिमी लांबतो आणि दमट हवेत लाकूड त्याहून जास्त हलतं. सरळ भागातले काही जोड अर्ध्या मिलिमीटरच्या फटीने मोकळे ठेवा. लवचीक रूळ वळणात टाकताना उलट करा: दोन तुकडे सरळ असतानाच झाळून घ्या आणि मग वाकवा, म्हणजे जोडावर कोपरा पडत नाही.

डीसीसीवाल्यांनी शेवटी एक चाचणी घ्यावी. मांडणीवर ठिकठिकाणी दोन्ही रुळांवर आडवं नाणं ठेवा. प्रत्येक ठिकाणी बूस्टरने (रुळांना वीज पुरवणाऱ्या यंत्राने) तात्काळ वीज तोडली पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात तोडली नाही, तर तिथल्या तारा अपुऱ्या आहेत आणि खरा शॉर्ट झाला की तिथेच काहीतरी वितळेल.

एचओचे दोनच डबे सांध्यावर (गाडी रूळ बदलते त्या जागी) घसरतात, बाकीची गाडी व्यवस्थित जाते.

सगळ्या गाड्या एकाच जागी घसरल्या तर रूळ तपासायचे, तेच ते डबे घसरले तर चाकं. कॅलिपरने एका आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा, ते सुमारे १४.४ मिमी हवं. कमी असेल तर चाकं चेक रेल (चाकाला मार्गावर ठेवणारा आतला जादा रूळ) आणि फ्रॉगच्या (सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या जागेच्या) पंखांमध्ये अडकून वर चढतात, जास्त असेल तर कड फ्रॉगच्या टोकावर आदळते. चाक हलकेच पिळत आसावर सरकवा आणि तीन ठिकाणी पुन्हा मोजा, नाहीतर ते वाकडं बसेल.

मग वजन करा. एचओ डब्याला २८ ग्रॅम अधिक लांबीच्या दर सेंमीला साडेपाच ग्रॅम, म्हणजे १५ सेंमीच्या डब्याला सुमारे ११० ग्रॅम असावं. वजन तळाशीच चिकटवा. शेवटी बोगीचे (डब्याखालच्या चाकांच्या चौकटीचे) स्क्रू बघा: एक बोगी सगळीकडे डुलू शकेल इतकी सैल, दुसरी फक्त फिरेल इतकी घट्ट. दोन्ही घट्ट असतील तर रुळाच्या किंचित उंचसखलपणातही एक चाक हवेत राहतं.

एचओत एक मार्ग दुसऱ्यावरून न्यायचा आहे. चढासाठी किती लांबी लागेल?

खालच्या रुळापासून वरच्या रुळापर्यंत ८ सेंमी धरा. दोन टक्के चढाला ४ मीटर, तीन टक्क्यांना सुमारे २.७ मीटर, आणि उताराला पुन्हा तेवढेच. जागा नसेल तर वरचा मार्ग ४ सेंमी चढवा आणि खालचा ४ सेंमी उतरवा, लांबी निम्मी होते. चढाची सुरुवात आणि शेवट हळूहळू वळवून घ्या, एकदम कोन पडला तर कपलिंग सुटतात.

जुन्या डीसी (साध्या एकदिश विजेच्या) इंजिनात डीसीसी डिकोडर (संदेश वाचून मोटर चालवणारं सर्किट) बसवताना कशात चूक होते?

मोटरचा ब्रश चासीला टेकलेला राहतो, ही ती चूक. तारा जोडण्याआधी मल्टिमीटरने बघा: मोटरचं कुठलंही टोक चासीशी किंवा चाकांशी जोडलेलं नको, नाहीतर पहिल्याच क्षणी डिकोडर जळेल. मोटर अडवून १२ व्होल्टवर ती क्षणभर किती प्रवाह घेते तेही मोजा, डिकोडरची क्षमता त्याहून जास्त हवी.

लाल तार उजव्या रुळाकडे, काळी डाव्या. नारिंगी आणि राखाडी मोटरला. पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या, आणि निळी दोन्ही दिव्यांची सामाईक धन तार. एलईडी असेल तर १ किलोओहमचा रोध घाला. पहिली चाचणी प्रोग्रॅमिंग रुळावरच (डिकोडरची सेटिंग बदलण्यासाठीच्या वेगळ्या रुळावर), तिथला प्रवाह मर्यादित असतो. नव्या डिकोडरचा पत्ता ३ असतो, तो सीव्ही १ या डिकोडरच्या सेटिंगमध्ये बदलतो. इंजिन उलट धावलं तर नारिंगी आणि राखाडी अदलाबदल करा.

खडी टाकली, पण डिंकाचा थेंब पडला की तिचे गोळे होतात.

पाण्याच्या पृष्ठताणामुळे थेंब कोरड्या खडीवर गोळा होतो आणि कण उचलतो. खडी कोरड्या ब्रशने स्लीपरच्या वरच्या पातळीच्या किंचित खाली बसवा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन बारीक फवारा मारा. फवारा वरून, लांबून, कणांना धक्का न देता. ओल पुरती उतरली की एक भाग पांढरा डिंक, दोन भाग पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब हे मिश्रण ड्रॉपरने कडेकडेने सोडा. ते आपोआप आत ओढलं जातं. पूर्ण वाळायला चोवीस तास द्या.

सांध्याच्या जिभांजवळ (सरकणाऱ्या टोकदार रुळांजवळ) अगदी मोजकी खडी टाका, डिंक वाळेपर्यंत दर अर्ध्या तासाने सांधा इकडेतिकडे फिरवा, आणि रुळांचा माथा ओला असतानाच पुसून घ्या. खडी टाकण्याआधी काही आठवडे मांडणीवर गाड्या चालवून सगळे दोष काढा. खडीखाली अडकलेला एखादा वाकडा जोड दुरुस्त करायचा म्हणजे हातभर रूळ उखडावा लागतो.